ढिल्या हाताची

बाबा,

काल मी नातीचा गोंडा ओढला. शाळेत काहीतरी करून न्यायचं होतं म्हणून तिनं मोबाइलवर बघून काट्याच्या चमच्याला लोकर गुंडाळली, मध्ये बांधली, दोन्हीकडून कापली, आणि तो पिवळा गोळा तळहातावर घेऊन माझ्यापुढे आली. तिच्या दोन मैत्रिणी मागे उभ्या होत्या. मी चष्मा लावला, गोंडा हातात घेतला, आणि मनात काही यायच्या आत माझ्या चिमटीनं मधला एक धागा धरलेला होता. धागा आला. त्याच्यामागून दुसरा आला. "ढिला आहे," मी म्हटलं, आणि आणखी चार ओढून तिच्या हातावर ठेवले. नऊ वर्षांची पोर. ती रडली नाही, मैत्रिणींकडेही बघितलं नाही, नुसती माझ्या बोटांकडे बघत राहिली. ती नजर मला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन पंचावन्न वर्षं होत आली आणि तुमची बोटं अजून माझ्या हाताला लागलेली आहेत. म्हणून लिहायला बसले.

मलकापूरच्या बाजारात पुढे दुकान आणि मागे चूल असं आपलं घर होतं. करगोटे, पोत ओवणं, बायकांच्या वेणीचे गोंडे, पाळण्याचे गोंडे, टांग्याच्या घोड्याचे तुरे, आणि पोळा जवळ आला की दीड महिना फक्त बैलांचे गोंडे. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. लोकर तेव्हा भडक रंगांत यायला लागली होती, पोपटी, राणी, केशरी, आणि खेड्यांतले लोक सुती गोंडा सोडून लोकरीचा मागायला लागले होते. तुम्ही भिंतीला टेकून बसायचे, उजव्या पायाच्या अंगठ्यात मेण लावलेला दोरा अडकवायचे, आणि लाकडी फळीवर लोकरीचे वेढे घालताना तुमचा हात दिसायचाच नाही. फळीवरून वेढे सरकवून काढायचे, त्यांच्या कमरेत तो दोरा घालायचा, एक टोक अंगठ्यात, दुसरं दातांत, आणि अंग मागे टाकून ओढायचं. मग कडा कातरायच्या, उकळत्या पाण्याच्या वाफेवर गोंडा धरायचा, तळव्यात फिरवायचा, म्हणजे तो कोंबडीच्या पिलासारखा फुगायचा. "गाठ जितकी घट्ट, तितका गोंडा फुलते," तुम्ही म्हणायचे. "ढिला बांधला तं तो पसरते, फुलत नाही." आणि कातरताना कातर फिरवायची नाही, गोंडा फिरवायचा. हे सगळं खरं होतं. तुम्ही शिकवलेलं काहीच खोटं निघालं नाही, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे.

मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला फळीपुढे बसवलं. मुलगा झाला नाही म्हणून मला बसवतो आहे, हे तुम्ही लपवलं नाही. मायसमोर, माझ्यासमोर, गिऱ्हाइकासमोर म्हणायचे. मी बांधलेला प्रत्येक गोंडा तुम्ही हातात घ्यायचे, मधला धागा ओढायचे, आणि तो आला की कातरीनं गोंड्याचा दोरा कापून सगळी लोकर माझ्या डोक्यावर झटकायचे. केसांत अडकलेले धागे तसेच ठेवायचे, काढायचे नाहीत, संध्याकाळपर्यंत. बाजारातून जाणारे हसायचे. मेण लावलेला दोरा ओढताना करंगळीच्या पेराला चीर पडायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच चिरेत पुन्हा दोरा बसायचा. एकदा बोटातून रक्त यायला लागलं, पांढऱ्या लोकरीला लागलं, आणि मी हात मागे घेतला. तुम्ही बघितलं. मला वाटलं, आता उठ म्हणाल. तुम्ही म्हणालात, "लाल लोकर घे. डाग दिसत नाही."

मायनं तेवढ्यासाठी तोंड उघडलं. "पोर आहे हो ती," ती चुलीपासूनच म्हणाली. "मीबी पोरगंच होतो," तुम्ही म्हणालात, आणि विषय संपला. तुमचे वडील तुम्हाला कसे शिकवत होते, ते तुम्ही कधी सांगितलं नाही. फक्त तुमच्या डाव्या अंगठ्याचं नख नव्हतं, ते मी बघत आले होते.

एकच भेट तुम्ही मला दिलीत. सातवीत शाळेचं संमेलन होतं, आणि आदल्या संध्याकाळी तुम्ही न बोलता दोन पांढरे गोंडे माझ्यापुढे टाकले, वेणीचे. तसे गोंडे मी त्याच्या आधी बघितले नव्हते आणि नंतरही नाही. कापसाच्या बोंडाएवढे, पण हात लावला की बोट आत बुडायचं. शाळेत सगळ्या पोरींनी ते हातात घेऊन बघितले. बाईंनीही बघितले. मी त्या रात्री वेणी सोडली नाही. सकाळी तुम्ही मला उठवून वेणी सोडायला लावली, आणि शाळेतून परत आले तेव्हा ते दोन गोंडे दुकानाच्या दांडीला टांगलेले होते. दिवेलागणीला एक बाई आली आणि ते घेऊन गेली, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण मी हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. पाहुणे आले होते त्या दिवसासाठी बसले आहे. सतरावं लागलं होतं मला. नांदुऱ्याहून आपल्यातलेच लोक आले, मुलगा मराठी शाळेवर मास्तर, त्याची आई, आणि एक काका. तेव्हा मुलीच्या हातचं काम मांडून दाखवायची रीत होती, म्हणून मायनं महिनाभर आधीपासून माझ्याकडून एक तोरण करून घेतलं. त्याला आठ पोपटी गोंडे. सात मी सावकाश बांधले. आठवा त्याच दिवशी दुपारी, पाहुणे स्टेशनावरून टांग्यात बसल्याचा निरोप आला तेव्हा, घाईनं बांधला. करंगळी चिरलेलीच होती. शेवटचा हिसका द्यायचा तो मी दिला नाही. मला कळलं होतं तेव्हाच. वाफ दिली, फुगवला, कातरला आणि मधोमध लावून टाकला, कारण वरून तो सगळ्यांत देखणा दिसत होता.

मी खाली मान घालून बसले आहे. मास्तरच्या पायांत नव्या चपला आहेत, त्यांच्या पट्ट्यांनी पाय लाल झालेत. त्याची आई तोरण हातात घेते आणि म्हणते, "मायबाई, किती मऊ! पोरीनं केलं काय?" माय म्हणते, "हाव, सारं तिनंच." आणि तुम्ही, बाबा, जे दोन तास एक शब्द बोलला नव्हतात, हात पुढे करता. मला वाटतं, तोरण नीट धरून दाखवाल. तुमची चिमूट मधल्या गोंड्यात जाते. एक धागा येतो. दुसरा येतो. मग तुम्ही पाच-सहा एकदम ओढता, गोंड्याला भोक पडतं, आणि तुम्ही ते धागे मास्तरच्या आईच्या हातावर ठेवता.

"पाहून घ्या," तुम्ही म्हणता. "मी खोटा माल देत नाही. पोरगी ढिल्या हाताची हाय."

काका मोठ्यानं हसला. मास्तरही हसला, तोंडापुढे हात धरून. त्याच्या आईनं धागे पदरानं पुसल्यासारखे झटकले आणि म्हणाली, "लय खरे बोलता बुवा तुमी." पोहे खाल्ले, चहा घेतला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवलं ते नाही असंच. चार दिवसांत बाजारभर झालं. भाजीवाली म्हणायची, "काय वं, ढिल्या हाताची, मेथी नीट धर." पाण्याला गेलं की बायका म्हणायच्या, "हिच्या हाती घागर देऊ नका." पुढच्या वर्षभरात आणखी दोन ठिकाणचे लोक यायचे होते, ते आलेच नाहीत. माय भाकरी थापताना रडायची, आवाज न करता, आणि तुम्ही जेवायला बसले की डोळे पुसून वाढायची. तुम्ही एकदाच म्हणालात, "रडून काय होते? उद्या तिथं जाऊन ते धागे निंघाले असते तं?" तुम्हाला वाटत होतं तुम्ही मला वाचवलं. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तरी मी मानलं नसतं.

मग चैत्रात तुमच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी उठून लोट्याला हात घातला आणि लोटा उचलेचना. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा खाट दुकान आणि चुलीच्या मधल्या दारात टाकली, म्हणजे तुम्हाला दोन्हीकडचं दिसावं. दुकान माझ्याकडे आलं. पोळ्याला बैलांचे सगळे गोंडे मी एकटीनं बांधले, दोरा अंगठ्यात अडकवून, दातांत धरून, अगदी तुमच्यासारखी मागे पडून. एकही परत आला नाही. तुम्ही खाटेवरून बघत राहायचे. जीभ जड झाली होती, पण ती फिरायची ती त्याच वाटेनं: "वेढे कमी." "कातर लावू नको तशी." "हट."

दिवाळीनंतरची गोष्ट. एक बाळंतीण पोर आपल्या मायला घेऊन आली, पाळण्याचे गोंडे पाहिजे होते. मी चार काढून दाखवले. पोरीनं ते गालाला लावून बघितले. आणि खाटेवरून तुमचा आवाज आला, अडखळत, पण एकेक अक्षर कळेल असा. "तिचा... नको घेऊ. ढिल्या हाताची हाय ते." पोरगी गोंधळली. तिची माय माझ्याकडे बघून हळहळली, आणि ती हळहळ मला हसण्यापेक्षा जास्त लागली. त्या दोघींनी गोंडे घेतले नाहीत. मी माल आवरला. हात पुसले. आत येऊन तुमच्या खाटेजवळ उकिडवी बसले. माय विहिरीवर गेली होती.

"बाबा, तो मधला पोपटी गोंडा माझा नव्हताच," मी म्हटलं.

"कोन्ता?"

"पाव्हण्यांपुढं तुमी ओढला तो. माझे सातच झाले होते. घाई होती म्हणून आठवा मी तुमच्या टोपलीतून उचलला. तुमचा होता तो."

मी थांबले नाही. "तुमचा हात तवाच जाऊन राह्यला होता. मले दिसत होतं. मी बोलली नाही. बापाची अब्रू कायले घालवा."

खोटं होतं, बाबा. अख्खं. त्या वर्षी तुमचा हात खणखणीत होता. पण तुम्ही हळूच डाव्या हातानं उजवा हात उचललात, तोंडासमोर धरलात, आणि दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे आली आहे असं त्याच्याकडे बघत राहिलात.

त्या दिवसापासून तुम्ही मायला विचारायला लागलात, "माह्या मालाची तक्रार आली होती काय?" माय म्हणायची, "कधीच नाही. काऊन विचारून राह्यले?" तुम्ही सांगायचे नाही. टांगेवाले चाचा रोज दुपारी तुमच्याजवळ बिडी ओढायला यायचे. तुम्ही त्यांना त्यांच्या घोड्याचा तुरा सोडून आणायला लावला. तुम्ही तो छातीवर घेतला, डाव्या हातानं धागा चिमटीत धरून ओढला. येईना. दातांत धरून ओढला. येईना. चाचा हसले. "अरे भाऊ, तुझी गाठ तू मेल्यावरबी सुटणार नाही. पाच साल झाले, घोडा म्हातारा झाला, तुरा नाही झाला." तुम्ही तुरा परत दिला. "पाच साल झाले," तुम्ही म्हणालात. "तवा हात नीट होता." शेजारच्या पाळण्याचा गोंडा मागवला, तोही जुना. जो आणाल तो आधीचा निघायचा, आणि त्या एका वर्षाचे बैलांचे गोंडे पोळा सरल्यावर कधीच कुठल्या कुठे गेलेले. तुम्हाला पटेल असा पुरावा मलकापुरात एकच होता आणि ती मी होते. मी कातर घेऊन दोन हातांवर बसलेली असायचे. एक वाक्य पुरलं असतं. मी ते म्हटलं नाही, आणि रोज न म्हणणं सोपं होत गेलं.

मग तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायला लागलात, "पोरीचा घे. तिचा हात चांगला हाय. मले भरोसा हाय." दहा वर्षांची असल्यापासून मी ज्या शब्दांची वाट बघत होते ते हेच, आणि ते आले तेव्हा मला त्यांची चव कळेना. मी लोकर मोजत बसले.

पौषात एक दिवस तुम्ही चाचांना म्हणालात, नांदुऱ्याला जायचंय. मायनं नको नको म्हटलं. तुम्ही ऐकलं नाही. चाचांनी तुम्हाला टांग्यात घातलं, स्टेशनावर हमालाच्या मदतीनं पॅसेंजरमध्ये चढवलं आणि स्वतःही बरोबर गेले. तुम्ही दांडीवरचा धुवट सदरा घातला होता आणि त्याच्या गुंड्या मी लावून दिल्या होत्या. कुठे जाताय हे तुम्ही सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मला कळलं होतं. संध्याकाळी परत आलात तेव्हा तोंड राखेसारखं झालं होतं. मायनं पाणी दिलं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "ते लोक... घरी नव्हते." एवढंच.

खरं काय झालं ते चाचांनी मला तुमच्या तेराव्याला सांगितलं, अंगणात, बाजूला घेऊन. ते लोक घरी होते. मास्तरचं लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, सून पोटुशी होती. तुम्ही ओट्यावर बसलात, पाय धड मुडपता येत नव्हता, आणि मास्तरच्या आईला म्हणालात, "बाई, तो गोंडा माहा होता. पोरीचा नव्हता. चूक माही. तिले नाव ठेवू नका." ते म्हणायला तुम्हाला किती वेळ लागला असेल! जीभ वळत नव्हती, तोंडातून लाळ गळत होती, चाचा पुसत होते. त्या बाईला काही आठवेना. "कोन्ता गोंडा?" ती म्हणाली. मग आठवलं तशी हसली. "अवो, त्या गोंड्यानं कोन नाही म्हणते? पोरगी काळी होती म्हणून नाही म्हटलं आमी."

चाचा म्हणाले, "बेटी, स्टेशनपर्यंत एक लफ्ज नाही बोलला तो. मंग मले म्हणे, हे पोरीले सांगू नको."

तुम्ही नांदुऱ्याहून आल्यावर एकवीस दिवस जगलात. त्यात तुम्ही माझ्या कामाला एकदाही हात लावला नाही, धागा ओढला नाही, नाव ठेवलं नाही. शेवटच्या दिवसांत मी तुम्हाला चमच्यानं पेज भरवायचे, आणि तुम्ही तोंड उघडताना डोळे मिटून घ्यायचे. मला तेव्हा वाटायचं, लाजता. आता वाटतं, तुम्ही माझ्या रंगाकडे बघायचं टाळत होतात, मला कळेल म्हणून. लोक म्हणाले, शांत गेले. शांत कसले! एका चुकीखाली दबून गेलात, जी तुमची नव्हती. माझ्यावर तुम्ही केलेल्या कितीतरी गोष्टी तुमच्या होत्या, त्यांतल्या एकीचंही ओझं तुम्हाला झालं नाही, आणि जे मी रचलं त्याच्यासाठी तुम्ही अर्धं अंग घेऊन आगगाडीत बसलात. ह्याचा हिशेब मला लागत नाही. लावायचंही सोडून दिलंय.

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. दोन वर्षांनी एका बिजवराशी माझं लग्न झालं. माणूस बरा होता. माझ्या हाताकडे किंवा रंगाकडे त्यानं लक्ष दिल्याचं मला आठवत नाही. त्याचं पोर मी वाढवलं, त्या पोराला उशिरा झालेली लेक म्हणजे ही नात. चाचा गेले, माय गेली. मायला मी सांगितलं नाही. ती मरेपर्यंत म्हणायची, "तुह्या बापाचं शेवटी काय बिघडलं वं? जिवाले काय लागलं असं?" मी म्हणायचे, आजारच तसा होता.

ही पानं नातीच्या जुन्या वहीची आहेत, मागे गणितं आहेत. कुणाला द्यायची नाहीत. उद्या फडताळातल्या डब्यांखाली अंथरून टाकीन. तुम्ही समोर असता तरी मी ती तुमच्या हाती दिली नसती, बाबा, कारण एक गोष्ट अजून राहिली आहे आणि तिच्याविषयी मला वाईट वाटतं असं मी लिहायला गेले तर तेही खोटं होईल. त्या दिवशी तुम्हाला ते बोलून मी उठले, माय विहिरीवरून आली, तिनं ताट वाढलं, आणि मी जेवायला बसले. वांग्याची भाजी होती. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. माय कौतुकानं बघत म्हणाली, "आज काऊन वं इतकी भूक?" आणि मी तिसरी मागितली.